दगडाची दुसरी आवृत्ती

गेली बत्तीस वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहीत आलो आहे. म्हणजे एखाद्या गरीब माणसानं दोन-अडीच वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक मी दोन दुपारींत वाचून काढतो आणि तिसऱ्या दुपारी, चहा येईपर्यंत, त्यात काय राहून गेलं आहे ते चारशे शब्दांत सांगून मोकळा होतो. कविता असेल तर अनुभवाची सेंद्रिय एकात्मता कमी पडलेली असते, कादंबरी असेल तर पाल्हाळ जास्त झालेला असतो आणि काहीच सापडलं नाही तर मुद्रणदोष असतातच. शेवटी 'मुखपृष्ठ समर्पक' एवढं लिहिलं की लेखक रस्त्यात भेटला तरी ओळख देतो. ह्या अनुभवाच्या बळावर आपण जगात कशाचंही परीक्षण करू शकू असा माझा समज होता. पण दगडाचं परीक्षण करायची पाळी येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

ती पाळी आली न्यू जर्सीत. आमचे चिरंजीव तिथे असतात, आणि निवृत्त आईबाप जातात तसे आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी तिथे गेलो होतो. पहिला महिना धबधबा, पुतळा आणि देऊळ पाहण्यात जातो. दुसऱ्या महिन्यापासून 'ह्यांचं आता करायचं काय' हा प्रश्न यजमानांच्या चेहऱ्यावर दिसू लागतो. अशाच एका शनिवारी चिरंजीवांनी गॅरेजमधून प्लास्टिकच्या तीन बादल्या ओढत आणून मागच्या हिरवळीवर ठेवल्या. नऊ वर्षांची नात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, ह्यात बाबाचा समुद्र आहे."

मी झाकण उघडलं. आत समुद्र नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेले गोळे होते. त्यातला एक उलगडायला घेतला, तर कागदावर माझंच नाव! मी माझी परीक्षणं कापून दर महिन्याला पाकिटातून ह्यांना पाठवत असे, आणि फोनवर "वाचलंस का?" विचारलं की "हो बाबा, छान होतं" असं उत्तर येत असे. छान काय होतं त्याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. कागद छान होता. एका दिवंगत कवीच्या तीन संग्रहांचा मी घेतलेला साक्षेपी परामर्श एका भल्या मोठ्या दगडाला इतका घट्ट बसला होता की समीक्षेनं साहित्यकृतीला एवढं कवटाळल्याचं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

आत दगड होता. पांढुरका, करडा आणि अनारशासारखा जाळी पडलेला. वजनाला मात्र फसवा. दिसायला पायरीएवढा, उचलायला पावाएवढा. असे मिळून अठरा किलो दगड माझ्या मुलानं दहा वर्षांहून अधिक काळ गॅरेजमध्ये जपून ठेवले होते.

आता ह्याची पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. चिरंजीव लहान असताना मी त्यांना चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. 1951 साली उघडलेलं ते मत्स्यालय आमच्या पिढीला ठाऊक होतं ते समोर भेळ खायला मिळते म्हणून. हे महाशय एका टाकीसमोर अर्धा तास उभे राहिले. मी शेवटी दंडाला धरून ओढून काढलं, कारण पाच-बावीसची गाडी चुकली असती. गाडी मिळाली. मासा मात्र त्यांच्या डोक्यात राहिला तो राहिलाच. 2009 साली, लग्नाच्याही आधी, एकट्यानं राहत असताना त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली आणि मला फोनवर सांगितलं, "बाबा, फिजीचा जिवंत खडक घेतलाय. पौंडाला आठ डॉलर."

"दगडाला पैसे?" मी म्हणालो. "अरे, इथे अख्खा सह्याद्री फुकट पडलाय!"

ती माझी पहिली समीक्षा. टाकी न बघता लिहिलेली. पुस्तक न वाचता परीक्षण करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यावर कडक टीकाही केली आहे, पण ते पुढे.

तर सह्याद्री आणि हा दगड ह्यांत फरक आहे. सह्याद्री ज्वालामुखीतून आला. हा खडक प्राण्यांनी बांधला. प्रवाळ नावाचे चिमुकले जीव समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतात, मरतात, त्यावर पुढची पिढी घर बांधते. आपल्याकडच्या गिरगावातल्या वाड्यांसारखंच, फक्त भाडेकरूंचे दावे नाहीत. लाटांनी मोडून पडलेल्या ह्या सांगाड्यांच्या तुकड्यांत लाखो भोकं असतात आणि भोकाभोकांत जंतू राहतात. म्हणून 'जिवंत' खडक. दगड जिवंत नसतो, बिऱ्हाडं जिवंत असतात.

ही बिऱ्हाडं करतात काय, तर कारकुनी. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो माशालाच विष. नायट्रोसोमोनास नावाचा पहिल्या टेबलावरचा जंतू हा अर्ज घेतो आणि त्याचा नायट्राइट करून दुसऱ्या टेबलाकडे सरकवतो. नायट्राइटही विषारीच. दुसरा जंतू त्याचा नायट्रेट करतो, जो त्या मानानं निरुपद्रवी. आणि दगडाच्या अगदी आत, जिथे हवाही पोचत नाही अशा खोलीत बसलेला तिसरा कारकून त्या नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करून फाइल हवेत सोडून देतो. प्रकरण निकाली! सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, इतकं चोख काम बिनहवेच्या खोलीत बसून करणारा कारकून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

ही युक्ती जगाला पहिल्यांदा पटवली ती जाकार्तामधल्या ली चिन एंग ह्या गृहस्थांनी. 1961 साली एका अमेरिकन मासिकात त्यांनी लिहिलं की टाकीत समुद्रातला ताजा खडक जसाच्या तसा ठेवा आणि बुडबुडे सोडा, बाकी निसर्ग बघून घेईल. त्या काळी शौकीन लोक काय करत? प्रवाळाचे सांगाडे ब्लीचमध्ये बुडवून पांढरेफेक करत आणि मृत सौंदर्याची आरास मांडत. म्हणजे त्यांचा सगळा भर अलंकारावर होता, आशयाकडे दुर्लक्ष. एंगसाहेबांनी आशय आणला. पुढे बर्लिनच्या मंडळींनी त्याचं शास्त्र केलं आणि पुढच्या पिढीनं पौंडाला आठ डॉलर. सर्व वाङ्मयीन चळवळींचा प्रवास असाच होतो.

29 ऑक्टोबर 2012 च्या संध्याकाळी सँडी नावाचं वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं. वीज गेली ती कित्येकांकडे आठवडाभर आली नाही. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे अतिदक्षता विभागातला रोगी. पंप थांबला की पाणी थांबतं, पाणी थांबलं की प्राणवायू संपतो आणि ऑक्टोबरच्या थंडीत ऊबही जाते. वीज आल्यावर चिरंजीवांचा फोन आला. म्हणाले, "बाबा, मासे गेले सगळे."

मी म्हणालो, "बरं झालं. सुटलास. विजेचं बिल वाचलं."

ही माझी दुसरी समीक्षा. तीही पुस्तक न वाचता. त्यानंतर त्या टाकीचा विषय आमच्यात कधी निघाला नाही, आणि माझ्या मताचा योग्य तो परिणाम झाला असं मी समजलो.

आता नातीला मासे हवे होते. तिच्या शाळेतल्या एका मैत्रिणीकडे आहेत, म्हणून. नवा दगड आणता आला असता, पण चिरंजीव म्हणाले, "समुद्रातून आता आणखी कशाला काढायचा? जो काढला तोच धुऊन वापरू." हे मला पटलं. फ्लॉरिडाच्या समुद्रातून असा खडक खणून काढणं 1997 पासून पूर्ण बंद आहे. तिथे आता व्यापारी लोक साधा चुनखडीचा दगड समुद्रात नेऊन टाकतात आणि काही वर्षांनी त्यावर जीव बसले की तोच वर काढतात. आपल्याकडे तर 2001 पासून प्रवाळाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. आमच्या हिनं "एक छोटासा तुकडा शोकेसमध्ये ठेवायला नेऊ या" म्हटलं, तेव्हा चिरंजीवांनी वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची सांगितली. ही म्हणाली, "शोकेसमध्ये वाघ कोण ठेवतंय?" पण तुकडा परत बादलीत टाकला.

दगड स्वच्छ कसा करायचा ह्यावर मग घरात परिसंवाद झाला. हिची सूचना सरळ होती. "त्यात काय एवढं? उकळून घ्यायचे. मोठ्या कुकरमध्ये घाल, तीन शिट्या कर."

चिरंजीव, जे सहसा आईला 'नाही' म्हणत नाहीत, ते ओरडले. आणि का ओरडले ते ऐकल्यावर मलाही खुर्ची धरून बसावंसं वाटलं. ह्या दगडांवर कधीकधी बटणांसारखे दिसणारे मऊ जीव चिकटलेले असतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. जगातल्या अत्यंत जालीम विषांपैकी एक. हवाई बेटांवर हाना गावाजवळच्या एका डबक्यातलं शेवाळ भाल्याच्या टोकाला लावलं की वार प्राणघातक ठरतो अशी जुनी आख्यायिका होती, आणि त्या डबक्याला हात लावायला मनाई होती. 1961 च्या शेवटच्या दिवशी शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन नमुने गोळा केले. त्याच दुपारी त्यांच्या प्रयोगशाळेची मुख्य इमारत आगीत जळाली. योगायोग! पण 1971 साली विष वेगळं काढलं तेव्हा कळलं की आख्यायिका खरी होती, आणि शेवाळ हे शेवाळ नसून प्रवाळाचं चुलतभावंड होतं. हे विष उष्णतेनं मरत नाही. दगड उकळला की वाफेबरोबर घरभर पसरतं. 2018 साली इंग्लंडात एका घरात टाकीतले प्रवाळ काढताना अख्खं कुटुंब इस्पितळात गेलं, आणि मदतीला आलेले बंबवालेही.

"आणि तू हे घरात ठेवलं होतंस?" ही म्हणाली. पुढचे दोन दिवस गॅरेजच्या दाराला आतून कडी होती.

म्हणून नियम असे ठरले. दगड उकळायचा नाही, भाजायचा नाही, कोरडा खरवडायचा नाही. सगळं काम उघड्यावर. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. माझा वाचायचा नव्हे, कारखान्यातला. तो चढवून मी हिरवळीवर उभा राहिलो तेव्हा शेजारच्या गोऱ्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

पद्धतींबद्दल ह्या क्षेत्रात दोन संप्रदाय आहेत, आणि त्यांच्यातलं वैर आपल्या 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' वाल्यांना शोभेल असं आहे. एक संप्रदाय संयमवाद्यांचा. ते म्हणतात, दगड खाऱ्या पाण्यात अंधारात ठेवा, पाणी फिरवत राहा, बदलत राहा, महिन्या-दोन महिन्यांत मेलेलं सगळं कुजून निघून जाईल. दुसरा संप्रदाय आम्लवाद्यांचा. ते म्हणतात, वरची कातडीच सोलून काढा, भानगडच नको. परीक्षक म्हणून मला दोन्हींत गुण आणि दोष दिसतात. संयमवाद जिवंत बिऱ्हाडं वाचवतो हे खरं, पण आमच्या दगडातली बिऱ्हाडं 2012 सालीच उठून गेली होती. रिकाम्या चाळीत भाडेकरूंच्या हक्कांची चर्चा कशाला? आम्लवाद झटपट आहे, पण तो घाणीबरोबर दगडही खातो. चुन्यावर आम्ल पडलं की तो फसफसून विरघळतो. फार वेळ ठेवलात तर स्वच्छ काय केलं हे दाखवायला दगडच उरत नाही. असं परीक्षण मी तरुणपणी दोन-चार पुस्तकांचं केलेलं आहे.

चिरंजीवांनी मध्यममार्ग काढला. आधी दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच, त्यात दगड एक दिवस-रात्र. ब्लीच मेलेलं मांस, शेवाळ, स्पंज सगळं सोडवून घेतं, आणि ते विष उरलं असेल तर त्याचाही बंदोबस्त करतं. पाणी आमसुलाच्या साराच्या रंगाचं झालं आणि वास भाऊच्या धक्क्यावर दुपारी दोनला येतो तसा. मग ब्रश. मला एक जुना टूथब्रश आणि एक स्क्रूड्रायव्हर मिळाला. भोकाभोकांतून अळ्यांच्या नळ्या, शिंपल्यांचे तुकडे, एका खेकड्याचा वाळका पाय असं बाहेर निघत होतं. चार दिवस मी फक्त घासत होतो. तळटीपा काढाव्यात तसं एकेक. मग साध्या पाण्यात धुणं आणि ब्लीच मारायला हायपो, म्हणजे फोटो धुणारे जुने लोक वापरत तेच. मग कडकडीत ऊन. नाक लावलं की क्लोरीनचा वास येत नाही असं होईपर्यंत.

वास जाईपर्यंत थांबायचं ह्याला कारण आहे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला तो हाच. हे वाक्य चिरंजीवांनी मला तीन वेळा ऐकवलं. मोरी धुताना 'दोन्ही घातलं की जास्त निघतं' असं मानणाऱ्या घरांनीही ते ऐकून ठेवावं.

ज्या दगडांवर जाड पुटं होती तेवढेच आम्लाला द्यायचे ठरले. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीही नाही. एकास दहा. दगड बुडवला आणि सोड्याच्या बाटलीसारखा उकळी फुटल्यागत फेस वर आला. मला घड्याळ धरायचं काम होतं. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत दोघांनाही बोलण्याखेरीज काही करायला नव्हतं. घासताना माणूस गप्प राहू शकतो, घड्याळ धरताना राहवत नाही.

मी विचारलं, "एवढी वर्षं ठेवलेस कशाला हे?"

"टाकवले नाहीत."

फेस येत होता. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "सँडीच्या वेळी मी चार रात्री टाकीपाशी बसलो होतो. मगानं पाणी काढायचं आणि उंचावरून ओतायचं. त्यानं थोडी हवा मिसळते. दर वीस मिनिटांनी. गजर लावून. चौथ्या रात्री गजर वाजला, मला जाग आली नाही."

घड्याळात सहा मिनिटं झाली होती. मला फोनवरचं माझं वाक्य आठवत होतं, आणि त्यालाही आठवत असणार हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "मी तेव्हा काहीतरी बोललो होतो."

"बोलला होतात."

"काही न वाचता बोललो."

"जाऊ द्या, बाबा. मिनिटं किती झाली?"

नऊ झाली होती. दहाव्याला त्यानं दगड काढला, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकला. राहिलेलं आम्ल शांत झालं. दगड नव्या चुन्यासारखा पांढरा निघाला. मी तोंडानं माफी वगैरे मागितली नाही. आमच्या घराण्यात ती पद्धत नाही. पुढचा दगड मी स्वतः बुडवला एवढंच.

बाहेरून स्वच्छ झाला म्हणजे दगड स्वच्छ झाला असं नाही, हे ह्या प्रकरणाचं सगळ्यात रोचक अंग. माशांना घातलेल्या अन्नातलं फॉस्फेट वर्षानुवर्षं दगडात मुरतं. नव्या पाण्यात घातलं की दगड ते हळूहळू सोडू लागतो आणि हिरवं शेवाळ माजतं. "दगड विसरत नाही," चिरंजीव म्हणाले. मी विषय बदलला. ह्यावर उपाय संयमवाद्यांचाच. कचऱ्याचा नवाकोरा पिंप आणला, त्यात खारं पाणी, एक पंप, एक ऊब देणारी कांडी, आणि वर झाकण. अंधार हवा, म्हणजे शेवाळाला संधी नाही. दर आठवड्याला परीक्षा नळीत थेंब टाकून रंग बघायचा. निळा गडद असेल तर फॉस्फेट जास्त. पाणी बदला, पुन्हा थांबा. ह्या कामावर माझी नेमणूक झाली, कारण दर आठवड्याला निळ्याच्या छटेकडे बघून भुवया उंचावणं ह्याला माझ्याइतका अनुभवी माणूस घरात दुसरा नव्हता. आठव्या आठवड्यात नळी जवळजवळ पांढरी राहिली. मी लिहून ठेवलं : 'लेखकाने संयम दाखवला आहे.'

मग बिऱ्हाडं परत आणायची. चिरंजीवांच्या एका मित्रानं आपल्या चालू टाकीतला मुठीएवढा दगड दिला, विरजण म्हणून. विरजणाबरोबर एक पाहुणाही आला. काचेसारखं पारदर्शक, झिरमिळ्यांचं फूल. नात हरखली. चिरंजीव हादरले. ते ऐप्टेशिया नावाचं उपद्रवी प्राणिपुष्प. आणि त्याची खुबी अशी की कापलं तर प्रत्येक तुकड्यातून नवं उगवतं. मला एकदम काही नवकवी आठवले. टीकेनं ते नेमके असेच वाढले. चिरंजीवांनी तो कोपरा छिन्नीनं दगडासकट उडवला. समीक्षेत हा मार्ग उपलब्ध नाही, हे आमचं दुर्दैव.

अमोनिया चढला, उतरला. नायट्राइट चढला, उतरला. टेबलं कामाला लागली. सहा आठवडे गेले. एवढा वेळ कशाला म्हणून ज्यांना घाई असते त्यांच्यासाठी दुकानात आयता जांभळा रंग दिलेला कोरा दगड मिळतो, जुन्या खडकावर जे जांभळं शेवाळ वर्षांनी चढतं त्याची नक्कल. तो मी हातात घेऊन पाहिला. पहिल्याच छपाईवर 'चौथी आवृत्ती' छापणारे प्रकाशक मला ठाऊक आहेत. माझं मत प्रतिकूल आहे. पण समुद्राला हात न लावता तयार केलेला आहे एवढा गुण त्याच्या पदरात टाकतो.

राहिला आकृतिबंध. चिरंजीवांनी दगड टाकीत रचले ते वाण्याच्या दुकानातल्या बटाट्यांसारखे. मी नापसंती दर्शवली. "मग तुम्ही रचा, आजोबा," नात म्हणाली. दिवाळी आठ दिवसांवर होती. मी तिला विचारलं, "किल्ला केला आहेस कधी?" तिनं केला नव्हता. मग आम्ही दोघांनी मिळून टाकीत किल्ला बांधला. चिरंजीवांनी अटी घातल्या : बुडाचे दगड थेट काचेवर बसले पाहिजेत, वाळू नंतर, नाहीतर वाळू उकरणारा प्राणी खालून भुयार काढेल आणि बुरूज ढासळेल. काचेपासून चार बोटं अंतर, म्हणजे पुसायला हात जाईल. पाणी सगळीकडून खेळलं पाहिजे, कोपऱ्यात घाण साचता कामा नये. ह्या तिन्ही अटी चांगल्या किल्ल्याच्याच आहेत. एक कमान झाली, एक चोरदरवाजा झाला, माथ्यावर एक माची झाली. मावळे ठेवायची तिची फार इच्छा होती. पण मातीच्या मावळ्यांचा रंग पाण्यात उतरेल म्हणून त्यांना बाहेर, टाकीच्या काठावर पहाऱ्याला बसवलं.

नरकचतुर्दशीच्या सकाळी दोन नारिंगी-पांढरे मासे किल्ल्यात दाखल झाले. माणसाच्याच हाताखाली जन्मलेले, समुद्र न पाहिलेले. म्हणजे आमच्या नातीसारखेच, मूळ मुलूख न पाहिलेले. त्यांनी पाच मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि चोरदरवाजातून आत गेले. टाकीच्या बाजूला चिरंजीवांनी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टांगला आहे. वीज गेली की तो आपोआप सुरू होतो. आता गजर लावायला नको.

आता परीक्षण. नियमाप्रमाणे ते शेवटी द्यायलाच हवं. प्रस्तुत दगडाची ही दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण नव्हे. पहिल्या आवृत्तीतलं वैभव हिच्यात नाही. जांभळी झिलई नाही, पंखे नाहीत, रंग चुन्याचा आहे आणि तो बदलायला वर्ष तरी लागेल. एका जागी आम्ल जास्त झालं आहे, तिथे कंगोरे बोथट झाले. तो दोष घड्याळ धरणाऱ्याचा. परंतु आतली भोकं शाबूत आहेत, आणि जे काही घडायचं ते तिथेच घडतं हे प्रस्तुत परीक्षकाला फार उशिरा कळलं. ह्याच दगडासंबंधी 2009 आणि 2012 साली त्यानं दूरध्वनीवरून व्यक्त केलेली दोन्ही मतं तो ह्याद्वारे मागे घेत आहे. ती मजकूर न पाहता दिलेली होती.

निघायच्या आदल्या दिवशी गॅरेज आवरताना मी ती वर्तमानपत्रं उचलली आणि कचऱ्याच्या पेटीकडे निघालो. चिरंजीवांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, एकेक घडी नीट केली आणि रिकाम्या बादलीत ठेवून झाकण लावलं.

"अरे, आता कशाला?" मी म्हणालो. "दगड तर टाकीत गेले."

"असू देत, बाबा," तो म्हणाला. "कागद चांगला आहे."